खडू हाती देणं

गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबवरून जाताना माझे पाय रेंगाळतात. १९४९मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था या वास्तूत आली, तेव्हा तिथल्या गणितज्ञांत फ्रीडरिश विल्हेल्म लेव्ही होते. पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी लढलेले, पुढे लाइपझिगला शिकवणारे. ज्यू म्हणून नाझी राजवटीनं १९३५मध्ये त्यांना विद्यापीठातून काढलं. पुढच्याच वर्षी कलकत्ता विद्यापीठानं त्यांना गणिताचं हार्डिंज प्राध्यापकपद दिलं. विभागच त्यांच्या हाती सोपवला.

या सोपवण्याचं मला फार मोल वाटतं. देश सुटलेल्याला माणसं जेवू घालतात, अंथरूण देतात. पन्नाशीला टेकलेल्या शिक्षकाच्या हाती पुन्हा खडू द्यायला मात्र वेगळं मन लागतं. त्या खडूनं लेव्हींनी बंगालच्या मुलांना आधुनिक बीजगणित शिकवलं. कुठला बिंदू कुठल्या रेषेवर आहे हे दाखवणारी एक आकृती आज जगभर ‘लेव्ही ग्राफ’ म्हणून ओळखली जाते. तिचं मूळ त्यांच्या कलकत्त्यातल्या व्याख्यानांत आहे. बारा वर्षं तिथे काढून ते १९४८मध्ये मुंबईला आले.

बंगळूरला मात्र वेगळं घडलं. नाझींमुळे ग्योटिंगेन विद्यापीठातली जागा गेलेले भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बोर्न १९३५मध्ये भारतीय विज्ञान संस्थेत आले. संचालक सी. व्ही. रामन यांना ते कायमचे हवे होते. पण सभेत एक प्राध्यापक उठले आणि म्हणाले, स्वदेशानं हाकललेला हा दुय्यम परका इथे कशाला? घरी येऊन बोर्न रडले. त्यांनीच ते आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. १९३६मध्ये ते एडिंबराला गेले, १९५४मध्ये त्यांना नोबेल मिळालं. नोबेल मिळालं नसतं, तरी ते वाक्य तितकंच क्रूर ठरलं असतं.

हा प्रश्न आजही आपल्या दाराशी आहे. आमच्या पुण्यात अफगाण मुलं वर्षानुवर्षं शिकायला येत आली आहेत. ऑगस्ट २०२१मध्ये काबूल तालिबानच्या हाती गेलं आणि इथे परीक्षेचा अभ्यास करणाऱ्यांना परतीची वाट उरली नाही. डिसेंबर २०२२मध्ये तिकडच्या मुलींना विद्यापीठांची दारं बंद झाली. अशा मुलांना काय लागतं? व्हिसाची मुदतवाढ, फीला सवड, सुट्टीतही उघडं राहणारं वसतिगृह. आणि मूळ गुणपत्रिका काबूलमध्ये अडकलीय, हे शांतपणे ऐकून घेणारं खिडकीपलीकडचं माणूस.

तुम्ही कुठल्या विभागात शिकवत असाल आणि अशी एखादी मुलगी दारात आली, तर कागदपत्रं पुरी होईपर्यंत तिला वर्गात बसू द्या.