आकाशांतील खाणीवरील उमेदवारी

सेवानिवृत्त शिक्षकानें आपला वेळ कसा घालवावा, यासंबंधीं सदाशिव पेठेंत मतांचा तुटवडा नाहीं. कोणी सकाळीं सारसबागेंत फिरावयास जा म्हणतो, कोणी एखादें भाष्य पुन्हा वाचावयास घ्या म्हणतो, कोणी नुसते स्वस्थ बसा म्हणतो. आम्ही मात्र गेल्या पावसाळ्यापासून रोज रात्रीं जेवणानंतर तासभर आकाशांत दगड फोडावयास जातों. हें वाक्य वाचून आमच्या प्रकृतीविषयीं वाचकांस काळजी वाटूं नये, म्हणून थोडा खुलासा करतों.

आम्ही जुन्या अकरावीचे मॅट्रिक. त्यापुढें पाठशाळेंत व्याकरण व काव्य एवढाच अभ्यास. त्या बळावर उभ्या जन्मांत मुलांकडून धातु घोकून घेतले. आतां वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीं पुन्हा धातूंच्याच पाठीमागें लागलों आहों. फरक इतकाच कीं, हे धातु रूपें चालविण्याचे नसून प्लॅटिनम, पॅलेडियम, सोनें अशा जातीचे आहेत, व ते आमच्या नातवाच्या खोलींतील संगणकाच्या पडद्यावर, एका वलयांकित ग्रहाभोंवतीं फिरणाऱ्या खडकांत सांपडतात.

आमचें कुटुंब एकत्र आहे. धाकटे बंधु, त्यांची मंडळी, आमचे चिरंजीव व सूनबाई, सर्व एका छपराखालीं राहतों. नातू सतरा वर्षांचा. गेल्या उन्हाळ्यांत अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेंत त्यास यश आलें नाहीं, आणि त्या दिवसापासून मुलानें घरांत बोलणें टाकलें. पंगतीस बसेना. ताट खोलींत नेई व रिकामें बाहेर ठेवी. दाराच्या फटींतून रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत निळा उजेड दिसे. घरांत यावर खलबतें झालीं. बंधूंचें मत संगणक विकून टाकावा. सूनबाई डोळ्यांस पदर लावीत. चिरंजीव म्हणाले, एक महिना वाट पाहूं, मग यंत्र कपाटांत जाईल. आम्हीं एवढेंच म्हटलें कीं, ज्या वस्तूपायीं मूल एवढें गुंतलें आहे, ती घरांतल्या एकानें तरी डोळ्यांनीं पाहावी. म्हणून एके रात्रीं दार वाजवून आंत गेलों व त्यास म्हणालों, "अरे, हें काय आहे तें आम्हांसही शिकव." त्यानें थोडा वेळ आमच्याकडे पाहिलें, व दुसरी खुर्ची ओढली. त्या रात्रीं एवढेंच झालें.

खेळाचें नांव ‘एलिट डेंजरस’. याची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. १९८४ सालीं डेव्हिड ब्रेबेन व इयान बेल या केंब्रिजच्या दोन विद्यार्थ्यांनीं ‘एलिट’ नांवाचा खेळ रचला. त्याच ब्रेबेन यांच्या कंपनीनें २०१४ च्या डिसेंबरांत त्याचा हा नवा अवतार बाहेर काढला. यांत आपली सबंध आकाशगंगा, सुमारें चाळीस हजार कोटी ताऱ्यांसह, मांडलेली आहे. खेळणारास प्रथम एक चिमुकलें यान व एक सहस्र नाणीं मिळतात. पुढें त्यानें व्यापार करावा, लढावें, दूर प्रवासास निघावें किंवा खाणकाम करावें. पुष्कळ यानांचीं नांवें सर्पांचीं आहेत: साइडवाइंडर, ॲडर, वायपर, कोब्रा, पायथन, ॲनाकोंडा. नागपंचमीस आमच्या सौभाग्यवतींनीं ही यादी ऐकली तेव्हां पडद्यास हळदकुंकू लावावें कीं काय, असें विचारलें.

लढाई आमच्या स्वभावांत नाहीं, व्यापार आमच्या सात पिढ्यांत कोणी केला नाहीं. खाणकाम हें अंगमेहनतीचें व निरुपद्रवी काम, असें समजून आम्हीं तें पत्करलें. कौटिल्यानें आकराध्यक्षाच्या अंगीं धातुशास्त्राचें केवढें ज्ञान असावें म्हणून सांगितलें आहे, हें आम्हीं वाचलेलें होतें. तरीही दगड म्हणजे दगड, त्यांत एवढें शिकण्यासारखें काय असणार, अशी सर्व नवशिक्यांची समजूत असते.

आतां या कामाचा क्रम ऐका. वलयांत हजारों खडक तरंगत असतात, परंतु कोणत्या खडकाच्या पोटांत काय आहे हें वरून कळत नाहीं. त्यासाठीं प्रथम एक लहरी सोडावयाची; तिच्या योगानें कांहीं खडक पिवळसर उजळतात. मग त्या खडकावर परीक्षक यंत्रिका सोडावयाची. या यंत्रिकांस लिंपेट म्हणतात. समुद्रकांठच्या खडकास चिकटून बसणारी एक शंखवाली गोगलगाय आहे, तिचें हें नांव. (आमच्या ‘लिम्पति’शीं त्याचा संबंध नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे; तरी चिकटण्याचा अर्थ इतका जुळतो कीं मोह आवरत नाहीं.) ती यंत्रिका खडकास बिलगली म्हणजे त्यांत कोणता धातु शेंकडा किती, तें पडद्यावर उमटतें. बहुतेक वेळां जें उमटतें, तें वाचून पुढच्या खडकाकडे वळावें लागतें. दहा खडक तपासावे तेव्हां एखादा कामाचा निघतो, आणि प्रत्येक तपासणीस एक लिंपेट खर्ची पडते.

खडक सांपडला म्हणजे त्यावर किरण धरावयाचा. हा किरण पांचशें मीटरांच्या आंतच चालतो. खडक आपल्याभोंवतीं गरगरत असतो, यान किंचित् सरकत असतें, आणि किरणाची शक्ति थोड्या वेळांत संपून पुन्हा भरून येईपर्यंत थांबावें लागतें. तुकडे सुटतात व चहूंकडे पसरूं लागतात. ते गोळा करण्यास दुसऱ्या जातीच्या लिंपेट असतात. त्यांस कांहीं मिनिटांचेंच आयुष्य असतें. एखादा तुकडा नेमून देऊन सोडली, तर ती तेवढा तुकडा आणते आणि तेथेंच आपला अवतार संपविते. कांहींच न नेमतां सोडली, तर आयुष्य असेपर्यंत एकामागून एक तुकडे आणीत राहते. सरकारी शिपाई व घरचा जुना गडी यांच्यांतील भेद आम्हांस येथें दिसला.

तुकडे आणून झाले म्हणजे माल झाला, असेंही नव्हे. ते शुद्धिपात्रांत जातात. प्रत्येक धातूस एक पात्र. तुकड्यातुकड्यानें तें शंभर टक्के भरलें म्हणजे एक टन माल कोठारांत पडतो. लहान यानांत पात्रें मोजकीं. चार पात्रांत चार धातु अर्धवट भरून बसले, आणि पांचवा धातु दाराशीं आला, म्हणजे त्यास जागा नाहीं; कोणतें तरी अर्धें पात्र आकाशांत ओतून रिकामें करावें लागतें. बॉक्साइटनें भरलेल्या पात्रापायीं प्लॅटिनमचा तुकडा तोंडाशीं अडकलेला पाहून जो संताप येतो, तो शब्दांनीं सांगण्याजोगा नाहीं. आणि इतक्यांत लिंपेट संपतात. उरलेले तुकडे समोर चकाकत तरंगतात, यानाचा जबडा उघडून एकेक तुकडा स्वतः गिळावा लागतो, व आपण पुढें गेलों कीं तुकडा बाजूस सरकलेला असतो.

चोरांची गोष्ट निराळीच. वलयांत पोंचतांच एखादा दरोडेखोर जवळ येऊन आपलें कोठार तपासतो. कोठार रिकामें असलें कीं निघून जातो. त्याची हेटाळणी सहन करावी, पण जीव वांचतो. भरल्या कोठारानें परततांना मात्र तो मार्गांत अडवितो. आमच्या पहिल्या महिन्यांत तीन वेळां, तीन तीन संध्याकाळींचा सर्व माल, बंदर डोळ्यांसमोर असतांना गेला. यानाच्या किंमतीचा विसावा हिस्सा भरला कीं यान परत मिळतें. मालाचा विमा नाहीं. खेळाचा यांत दोष मुळींच नाहीं. खनिजाची वाट जेथें जेथें गेली आहे, तेथें तेथें वाटमारेही बसलेले आहेत.

नातवास आमच्या हालअपेष्टांची फार मौज वाटे. पहिल्या आठवड्यांत तो केवळ हंसे. दुसऱ्या आठवड्यांत एकदां म्हणाला, "आजोबा, मी माझ्या मोठ्या यानांतला माल तुमच्या बाजूस टाकतों, तुम्ही उचला. एका रात्रींत श्रीमंत व्हाल." आम्हीं नकार दिला. उत्तरें पाठीमागच्या बांकावरून आलेलीं आम्हांस शाळेंत चाललीं नाहींत, आकाशांत कशीं चालावीं? यावर तो पुन्हा हंसला, परंतु निराळ्या रीतीनें. आणि दुसऱ्या दिवशीं आमच्या आधींच खुर्ची मांडून ठेविली होती.

एक दिवस आम्ही कंटाळून म्हणालों कीं, खरें खाणकाम असें असतें तर कोणी आकाशांत गेलेंच नसतें. त्यावर मुलगा एकदम गंभीर झाला व म्हणाला, "खरें याहून कठीण आहे, आजोबा." मग त्यानें जें सांगितलें तें आम्हांस इतकें नवें होतें कीं त्या रात्रीं यान बंदरांतच राहिलें. २००५ सालीं जपानचें हायाबुसा यान इटोकावा नांवाच्या लघुग्रहावर उतरलें. दगडावर गोळी झाडून धूळ उडवावयाची, ती गोळीच सुटली नाहीं. इंधन गळालें, कित्येक आठवडे संदेश तुटला, आणि २०१० सालीं तें यान कसेंबसें परतलें तेव्हां त्याच्या डबींत सुमारें दीड हजार सूक्ष्म कण निघाले. त्यानंतरच्या यानानें २०२० सालीं र्‍युगूवरून सुमारें साडेपांच ग्रॅम माती आणली. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अमेरिकेचें ओसायरिस-रेक्स बेन्नूवर टेकलें. खडक टणक असेल अशी अटकळ होती. यानाचा हात तेथें अर्धा मीटर आंत बुडाला, जणूं भुसभुशीत ढीगच. माती इतकी आली कीं खडे झांकणांत अडकून झांकण लागेना, आणि घेतलेला माल डोळ्यांदेखत आकाशांत निसटूं लागला. डबी २४ सप्टेंबर २०२३ रोजीं पृथ्वीवर उतरली; तर पस्तीस खिळ्यांपैकीं दोन निघेनात. त्यासाठीं नवीं हत्यारें घडवावीं लागलीं व जानेवारी २०२४ मध्यें डबी पूर्ण उघडली. माल भरला १२१.६ ग्रॅम. सौभाग्यवती दारांत उभ्या राहून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढ्यांत आमची विलायचीची डबीसुद्धां भरायची नाहीं." पण झांकण लागत नसल्याचें दुःख त्यांस बरोबर समजलें.

धंदा म्हणून हें करूं पाहणारे लोकही होऊन गेले. ‘प्लॅनेटरी रिसोर्सेस’ नांवाच्या अमेरिकन कंपनीनें २०१२ सालीं मोठ्या थाटांत लघुग्रहांवरील खाणींची घोषणा केली. २०१८ सालीं पैसा आटून ती दुसऱ्याच धंद्यांतल्या कंपनीनें विकत घेतली. एकही खडक फुटला नाहीं.

आम्हीही थोडी भर घातली. पहिला लघुग्रह सेरेस १ जानेवारी १८०१ रोजीं पालेर्मो येथें पियाझींस दिसला, हें त्यास माहीत होतें. परंतु १८६१ सालीं मद्रासच्या वेधशाळेंतून पॉगसन यांनीं एक लघुग्रह शोधला, व आशिया खंडांतून सांपडलेला तो पहिला म्हणून त्याचें नांव ‘आशिया’ ठेविलें, हें त्यास ठाऊक नव्हतें. तसेंच ‘ग्रह’ शब्द धरणें या अर्थाच्या धातूपासून झाला, म्हणजे ग्रह हा पकडणारा, हेंही सांगितलें. तो म्हणाला, "मग बरोबर आहे. बाबा म्हणतात, मला यानें धरलें आहे."

वाचकहो, खाणकामांत एक गोष्ट अशी आहे कीं त्यांत वाट पाहण्याचा वेळ फार. किरणाची शक्ति भरून येईपर्यंत, लिंपेट परत येईपर्यंत, डोळे पडद्यावर ठेवण्याखेरीज कांहीं करावयाचें नसतें. एकमेकांच्या तोंडाकडे पाहावें लागत नाहीं. श्रावणांतील एका रात्रीं अशाच वेळीं, एका खडकाचा चौथा तुकडा येत असतां, मुलगा पडद्याकडेच पाहत म्हणाला, "आजोबा, मला ती परीक्षा पुन्हा द्यायची नाहीं." आम्ही कांहीं बोललों नाहीं, तुकडा पात्रांत पडूं दिला. मग म्हणाला, अभियांत्रिकी त्यास कधींच नको होती. बाबांनीं फी भरली होती म्हणून दोन वर्षें शिकवणीस गेला. त्यास दगडांचा अभ्यास करावयाचा आहे. फर्ग्युसन महाविद्यालयांत भूगर्भशास्त्र शिकवितात, त्याची माहिती त्यानें काढून ठेविली होती. "पण दगड शिकून पोट कसें भरायचें, असें बाबा विचारतील," एवढें म्हणून तो थांबला.

हा प्रश्न खोटा नाहीं, व त्याचें उत्तर आमच्याकडे तयार नव्हतें. आम्हीं त्यास विचारलें, आपल्याच प्रांतांतलें लोणार पाहिलेंस का? आकाशांतून आलेल्या दगडानें काळ्या कातळांत पाडलेला सुमारें पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खळगा. त्याच्या वयाविषयीं विद्वानांत एवढें अंतर कीं कोणी बावन्न हजार वर्षें म्हणतात, कोणी पांच लक्ष सत्तर हजार. ज्या शास्त्रांत वयाचा असा वाद शिल्लक आहे, त्यांत तरुण माणसास काम पुष्कळ असणार, असें आम्हांस वाटतें. पण हें शिक्षकाचें मत झालें, बापाचें नव्हे.

दसऱ्यानंतर आम्ही दोघे एस्. टी. नें लोणारास जाऊन आलों. कांठावर उभा राहून मुलगा एक तासभर खालीं पाहत होता. मग उतरतांना हातांत एकेक दगड घेऊन आम्हांस नांवें सांगूं लागला, आणि बुलढाण्याकडील दोन शाळकरी मुलें त्याच्या मागें मागें चालूं लागलीं. परतल्यावर त्या रात्रीं पंगतींत बसून त्यानें सर्व वर्णन केलें. चिरंजीव ऐकत होते. त्यांनीं भात मागून घेतला, परंतु बोलले नाहींत. बंधूंनीं मात्र लोणारचें पाणी खारट का, असें विचारलें, व उत्तर ऐकून घेतलें.

संगणक अद्याप खोलींतच आहे. आमच्या ॲडर यानाच्या कोठारांत आजच्या तारखेस सात टन प्लॅटिनम असून बंदर दूर आहे. पुढील वर्षाच्या प्रवेशाची माहितीपुस्तिका दिवाणखान्यांतील टेबलावर, चिरंजीवांच्या वर्तमानपत्राखालीं, आठ दिवस पडून आहे. काल ती उघडलेली दिसली. खर्चाच्या रकमांखालीं पेन्सिलीनें रेघा ओढल्या होत्या. अक्षर चिरंजीवांचें होतें.