आईसाठी पास्ता

तर झालं असं, की आई दोन महिन्यांसाठी जर्सी सिटीला आली आणि म्हणाली, "तू फोनवर सांगायचास ते इटालियन एकदा खाऊ घाल की." मी उत्साहानं तिला मॅनहॅटनच्या लिटिल इटलीत, मलबेरी स्ट्रीटवर नेलं. वेटर फुटपाथवर उभे राहून गिऱ्हाइकांना हाका मारत होते. खरं तर तिथूनच मागे फिरायचं! पास्त्याचा पार लगदा, वर वाटीभर क्रीम. आई "छान आहे" म्हणाली. आईचं 'छान आहे' मला चांगलंच कळतं.

पुढच्या शनिवारी ब्रॉन्क्समधला आर्थर ॲव्हेन्यू गाठला. इथे १९४० सालापासूनचं बंदिस्त मार्केट आहे, ताजा पास्ता, चीज, ब्रेडची दुकानं आहेत, आणि हाका मारणारं कुणी नाही. एका छोट्याशा हॉटेलात 'काचो ए पेपे' मागवायचं ठरवलं. नुसतं चीज आणि मिरी, म्हणजे शाकाहारीच, नाही का? तरी वेटरला विचारलं. तो म्हणाला, नाही. पेकोरिनो रोमानोसाठी दूध घट्ट करायला कोकराच्या पोटातलं रेनेट लागतं, आणि ताज्या पास्त्यात अंडं असतं. आईनं जन्मात अंडं खाल्लेलं नाही!

शेवटी त्यानंच सुचवलं: सुकी स्पॅगेटी, ऑलिव्ह तेल, लसूण, लाल मिरची. चीज नाही. आई म्हणाली, "अरे, ही तर आपली लसणाची फोडणी!" आणि ताटली पुसून खाल्ली.

मागच्या शनिवारी तिच्या पास्त्यावर जे चीज किसून घातलं होतं ते कुठलं, हे मी विचारलंच नव्हतं. तिला अजून सांगितलेलं नाही...