हाताचा घसारा

बँकेतील प्रदीर्घ सेवेत नोटा मोजणारे अनेक हात मी जवळून पाहिले. शंभर नोटांची गड्डी मोजताना अंगठा शंभर वेळा हलतो. दिवसाला दोनशे गड्ड्या हाताळल्या, तर वीस हजार वेळा. त्यातच पूर्वी गड्ड्यांना तारेच्या पिना मारलेल्या असत आणि त्या उपसण्याचे श्रमही अंगठ्यालाच पडत. 2001 मध्ये रिझर्व्ह बँकेने पिना बंद करून कागदी पट्टी आणली; पुढे मोजणीयंत्रेही सर्वत्र आली.

आमच्या शाखेतील एका ज्येष्ठ रोखपालांचे मनगट अंगठ्याच्या बाजूने सतत दुखे. पुढे पुढे त्यांना डब्याचे झाकणही फिरवता येईना. वयोमानाने आलेला संधिवात, असे सर्वांनी गृहीत धरले. अस्थिरोगतज्ज्ञांनी मात्र त्यांना अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीकडे झुकवण्यास सांगितले. त्या क्षणी उठलेल्या कळेनेच दुखण्याची दिशा दाखवली.

या विकाराला स्विस शल्यविशारद फ्रिट्झ द कर्व्हेन यांचे नाव आहे; त्यांनी 1895 मध्ये त्याचे वर्णन केले. अंगठा हलविणाऱ्या दोन कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या चिवट दोऱ्या, मनगटापाशी एका अरुंद आवरणातून जातात. तीच ती हालचाल वारंवार झाली की आवरण जाड होते, मार्ग आक्रसतो आणि कंडरा घासू लागतात.

आपल्या घरांत हा विकार केवळ गल्ल्यावर बसणाऱ्यालाच होतो असे नाही. दिवसभर कात्रीने कापड कापणाऱ्याला तो होऊ शकतो, आणि बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तान्ह्या बाळाला काखेत धरून पुन्हा पुन्हा उचलणाऱ्या सुनेला तर विशेषेकरून होतो. अंगठा ताणून मनगट वाकवण्याची ती क्रिया त्याच कंडरांवर भार टाकते. ती बिचारी बोलत नाही. बोललीच, तर “बाळंतपणात एवढे चालायचेच” असे उत्तर मिळते.

उपचार बहुधा साधे असतात: त्या हालचालीला विश्रांती, अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा, थंड शेक आणि वैद्यकीय सल्ल्याने औषध. तेवढ्याने न भागल्यास आवरणात इंजेक्शन देतात. क्वचित लहानशी शस्त्रक्रिया करून ते आवरण मोकळे करतात. जोरजोराने चोळण्याने मात्र दुखावलेली जागा अधिकच दुखावते.

यातील सर्वांत अवघड औषध म्हणजे विश्रांती, कारण व्यापारी घरात रिकामा हात आळशी समजला जातो. वस्तुतः दुकानातील यंत्राचा घसारा आपण दरवर्षी न चुकता हिशेबात धरतो. ते यंत्र चालविणाऱ्या हाताची झीज मात्र कोणत्याच खात्यात दिसत नाही. म्हणून घरात कोणाचे मनगट दोन-तीन आठवडे दुखत राहिले, तर त्याला डॉक्टरांकडे न्यावे. आणि ती बाळंतीण असेल, तर बाळाला उचलून तिच्या मांडीवर देण्याचे काम काही काळ आजोबांनी आपल्याकडे घ्यावे.