सीटखालची बाटली

आमची ओम्नी 2006 सालची. मारुतीने ही गाडी 1984 मध्ये नुसती 'व्हॅन' म्हणून आणली, पुढे तिला ओम्नी हे नाव मिळालं आणि 2019 मध्ये ती बनायची थांबली. शहागंजमध्ये मात्र ती अजून थांबलेली नाही. सकाळी घड्याळाच्या मनोऱ्यापाशी थोडा वेळ उभं राहा. भाजीची पोती नाहीतर कापडाचे गठ्ठे भरलेली एखादी ओम्नी हॉर्न वाजवत जाणारच.

अब्बांचा या गाडीवर फार जीव. नोंदणीची 15 वर्षं भरली तेव्हा मी म्हणालो, विकून टाकू. अब्बांनी काही न बोलता कागद गोळा केले, गाडी तपासून घेतली आणि 5 वर्षांची मुदत वाढवून आणली. त्यानंतरही दर खर्चाला मी तेच म्हणायचो, विकून टाकू.

मागच्या हिवाळ्यात आम्ही खुलताबादला दर्ग्यावर गेलो होतो. गाडीत अम्मी, माझी बायको, आमची दोन मुलं आणि बहिणीचा मुलगा. परत येताना दौलताबादचा घाट अब्बा उतरवत होते. अर्ध्या घाटात त्यांचा पाय एकदम तळाशी गेलेला मी पाहिला. त्यांनी पाय उचलून दोन-तीनदा भराभर ब्रेक मारला, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि हँडब्रेक हळूहळू ओढत आणला. खाली तटबंदीतला तो अरुंद दरवाजा, त्याच्या अलीकडे थांबलेली बस. तिथे पोचायच्या आधी गाडी कडेला उभी राहिली. मागे मुलं भेंड्या खेळत होती, त्यांना काही कळलंच नाही.

"तेल कम हुआ होगा," असं म्हणून अब्बांनी सीटखालून ब्रेक ऑइलची बाटली काढली. अर्धी रिकामी होती. ही इथे कधीपासून होती?

मी गाडी पुढे नेऊ दिली नाही. सगळ्यांना काळी-पिवळीत बसवून घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी गाडी उचलून आणली ती शहागंजमागच्या गल्लीत, आमच्या नेहमीच्या उस्तादांकडे.

उस्तादांनी मागचं डावं चाक खोललं. ड्रम निघाला तसा त्यांनी आत दिवा धरला. व्हील सिलिंडरमधून तेल झिरपून लायनर चिंब झाले होते. "मियाँ, ये आज का नहीं है," ते म्हणाले. अब्बा रस्त्याकडे बघत होते.

ब्रेकचं तेल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ते बंद नळ्यांमध्ये भरलेलं असतं आणि पायाचा दाब चाकापर्यंत पोचवतं. लायनर आणि पॅड झिजले की डबीतली पातळी थोडी उतरते, ते ठीक. पण पुन्हा पुन्हा तेल टाकावं लागत असेल, तर ते कुठेतरी गळतंय. वरून टाकत राहिलं की गळती झाकली जाते, थांबत नाही. शिवाय हे तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट 3 जातीचं नवं तेल निदान 205 अंशांपर्यंत उकळू नये असं मानक आहे; पाणी मुरलेल्या तेलासाठी हाच आकडा 140 आहे. घाटात ब्रेक दाबून दाबून चाकं तापतात, जुन्या तेलात वाफ धरते. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. मग पाय तळाला जातो. सीटखाली महिनोन्महिने उघडून ठेवलेल्या बाटलीतलं तेल तर आधीच ओलावा प्यायलेलं.

अब्बा म्हणाले, एकच बाजू करा. उस्तादांनी ऐकलं नाही. एका बाजूला नवे लायनर आणि दुसरीकडे जुने, तर ब्रेक मारताच गाडी एकीकडे ओढते. दोन्ही बाजूंचे लायनर बदलले, सिलिंडर बदलले, सगळं तेल नवं भरलं.

राहिलं एअर काढायचं. हे एकट्याचं काम नाही. पोऱ्या जुम्म्याच्या नमाजला गेला होता, म्हणून अब्बा पेडलवर बसले. उस्ताद चाकापाशी पाना घेऊन, मी नळी आणि बाटली धरून.

"मारो... मारो... दबा के रखो."

"रखा," अब्बा आतून ओरडायचे, की उस्ताद निप्पल सैल करायचे. नळीतून बुडबुडे यायचे. निप्पल परत आवळल्यावर ते म्हणायचे, "छोडो." त्याच्या आधी पाय उचलला, तर हवा पुन्हा आत. दोघांनाही एकमेकांचं दिसत नाही. जो तो काय करतोय ते सांगत राहिला तरच काम होतं.

तिसऱ्या चाकाला आलो तेव्हा उस्ताद पाणी प्यायला उठले. अब्बा स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "मोहरम से पाँव नीचे जा रहा था. तेरे को बोलता, तो तू बेच डालता."

मुलं गाडीत होती, हे मला ओरडून सांगायचं होतं. पण ते खरं बोलत होते. मी विकलीच असती.

ती बाटली उस्तादांनी फेकून दिली. मी 'विकून टाकू' म्हणायचं सोडलं. परवा अब्बांचा फोन आला, पेडल कडक लागतंय, येऊन बघ. जाऊन पाहिलं तर पायाखालची चटई सरकून पेडलखाली अडकली होती. ती काढली, चहा घेतला आणि परत आलो.