उडणं सोडलेला काका

वीकएंडला एखादा विषय पकडायचा आणि त्यात बुडून जायचं, ही माझी जुनी सवय. या वेळी हाती लागला काकापो. न्यूझीलंडचा पोपट. माओरी भाषेत 'काका' म्हणजे पोपट आणि 'पो' म्हणजे रात्र. नर ४ किलोपर्यंत भरतो, उडत नाही, रात्री निवांत चालत फिरतो. मराठीतही काका म्हणायला हरकत नाही!

खरी गंमत त्याच्या हाडांत आहे. चिकन खाताना छातीच्या हाडावर मधोमध एक उभी पातळ पाती लागते बघा. उडण्याचे स्नायू तिलाच धरून असतात. काकापोत ही पाती नावापुरती उरलीये. गळ्याखालची दोन हाडं बहुतेक पक्ष्यांत जुळून व्ही आकार होतो, इथे ती सुटीच. शरीराच्या मानाने पंख सगळ्या पोपटांत छोटे; झाडावरून उडी मारताना तोल आणि ब्रेक, एवढंच त्यांचं काम. उलट कंबरेचं हाड मोठं, पाय दणकट.

म्हणजे डिझाइन फसलं? मुळीच नाही. तिथे जमिनीवर शिकारी सस्तन प्राणीच नव्हते. धोका आकाशातून, नजरेने शिकार करणाऱ्या गरुडांचा. त्यावर उपाय म्हणजे शेवाळी हिरवा रंग आणि चाहूल लागताच जागच्या जागी थिजणं. हे लाखो वर्षं बिनतक्रार चाललं.

मग माणूस आला, मागोमाग उंदीर, कुत्री, मांजरं. १८८० च्या दशकात ससे आटोक्यात आणायला स्टोट नावाचा मुंगसासारखा प्राणी आणून सोडला. हे सगळे वासावर शिकार करतात, आणि काकापोच्या अंगाला चांगलाच वास असतो. थिजून काय होणार? रिचर्ड हेन्री नावाच्या माणसाने १८९४ पासून शेकडो पक्षी रेझोल्यूशन बेटावर हलवले. १९०० मध्ये स्टोट तिथेही पोहत पोचला!

१९९५ मध्ये उरले होते फक्त ५१.

आमच्या फिल्डमध्ये रिक्वायरमेंट बदलली की कालपर्यंत ज्याच्यावाचून अडायचं तो माणूस 'आउटडेटेड' ठरतो. माझ्या एका सीनियरला असंच शांतपणे बाजूला केलेलं मी पाहिलंय. त्याचं काम बिघडलं नव्हतं, भोवतालचं जग बदललं होतं. काकापोला 'बावळट पक्षी' म्हणणाऱ्यांचा म्हणूनच राग येतो.

न्यूझीलंडवाल्यांनी वेगळा मार्ग धरला. हाडं तर बदलता येत नाहीत, मग बेटं साफ केली. व्हेनुआ हाऊ बेटावरचे उंदीर १९९८ मध्ये संपवले. प्रत्येक पक्ष्याला नाव आहे, पाठीवर ट्रान्समीटर आहे. घाई चालत नाही, कारण रिमूच्या झाडांना भरपूर फळं धरली तरच, म्हणजे दोन-चार वर्षांतून एकदा, काकापोची वीण होते. तरी २०२२ मध्ये आकडा २५२ वर गेला.

एकालाही उडायला शिकवावं लागलं नाही.