बिनसांध्याचं गाणं

डाव्या कानाला आता वरचं बारीकसारीक ऐकू येत नाही. वणीला तपासणी केली तेव्हा कागदावरची रेघ ४,००० हर्ट्झपर्यंत शहाण्यासारखी सरळ आली आणि तिथून घसरली. वयाच्या मानाने ठीक आहे, असं सांगण्यात आलं. वयाच्या मानाने असेल, धंद्याच्या मानाने नाही. लूपच्या सांध्यावर जी टिचकी वाजते, ती नेमकी त्या घसरणीच्या पलीकडे राहते.

मी गाणी संपवायला शिकलेला माणूस. राजूरच्या भजनी मंडळात पेटी, मग ऑर्केस्ट्रा, मग निवडणुकीची प्रचारगीतं, एकांकिकांचं पार्श्वसंगीत. कुठेही गेलो तरी कस शेवटालाच लागायचा. तिहाई समेवर पडली की समोरच्याची मान हलते, आणि ती मान हलावी म्हणूनच सगळा खटाटोप. आता व्हिडिओ गेमसाठी संगीत करतो, आणि तिथे हे सारं मोडीत. खेळणारा त्या जंगलात दोन मिनिटं थांबेल की जेवायला उठून तासाने परत येईल, कोण सांगणार? तुकडा दीड मिनिटाचा, तोच फिरून फिरून वाजणारा लूप, आणि तो संपलेला कळता कामा नये. ज्याला कळलं, त्याच्यापुरतं काम फसलं. ज्याला नाही कळलं, तो दाद कशाला देईल? या धंद्यातली माझी मुख्य तक्रार हीच आहे, पैशाची त्यानंतर.

आकडेमोड सोपी. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि मिनिटाला ९० मात्रांची लय धरली, की एक मात्रा बरोबर २९,४०० नमुन्यांची होते. ९१ धरली की अपूर्णांक उरतो आणि तो कुठेतरी जिरवत बसावं लागतं. माझ्या कामात ९० आणि १०० जास्त सापडतात त्याचं कारण हे, कल्पनेचं दारिद्र्य नव्हे. एमपीथ्रीत लूप देणाऱ्याशी मी वाद घालत नाही. तिची चौकट ११५२ नमुन्यांची, उरलेल्या जागेत शांतता भरली जाते, आणि दर फेरीला गाण्याला उचकी लागते. ऑग वापरा, विषय संपला.

आकड्यांना दाद देत नाही ती आस. आमच्याकडची खंजिरी घ्या. तुकडोजी महाराजांच्या भजनांनी ती विदर्भात घरोघर नेली. थाप थांबली तरी कडेच्या झांजा क्षणभर शहारत राहतात. तुकडा शेवटच्या मात्रेवर कापला की ती शहार तुटते. म्हणून ती उचलून सुरुवातीवर टाकायची. दुसऱ्या फेरीपासून सगळं गोड; पण पहिल्या फेरीत, जिथे अजून कुणी थापच मारलेली नाही, तिथे झांजा वाजतात! मग एकदाच वाजणारी वेगळी सुरुवात करायची, आणि पुन्हा तिचा नि लूपचा सांधा बुजवायचा. तंबोऱ्याचं तर विचारूच नका. तारा छेडणारा हात तालाच्या मात्रा मोजत नसतो. त्याला मात्रेत बसवलं की तो तंबोरा राहत नाही, न बसवलं की सांधा उघडा पडतो. आणि हे सगळं रात्री, कारण दिवसा कोळशाचे ट्रक रेकॉर्डिंग होऊ देत नाहीत. चुनाभट्ट्यांची पांढरी भुकटी मायक्रोफोनच्या जाळीत बसते, ती मऊ ब्रशने काढत मी कितीतरी रात्री सांध्याचाच विचार केला आहे.

मोठ्यांनी यातून वाटा काढल्या. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये चार सुरांची उतरती ओळ, बस्स, शत्रू चालून येतात तशी लय चढते. एवढ्याशा ओळीला सांधा लपवायचाच नसतो. १९९१ च्या ‘मंकी आयलंड २’साठी लुकासआर्ट्सच्या मायकल लँड आणि पीटर मॅककॉनेल यांनी आयम्यूज नावाची यंत्रणा वापरली. खेळणारा दुसरीकडे गेला तरी चालू ओळीचा मान ठेवायचा आणि योग्य जागा आली की नव्या चालीत शिरायचं. आमचा पेटीवाला बुवांच्या तोंडाकडे बघून जन्मभर हेच करतो. लुकासआर्ट्सने त्याचं पेटंट घेतलं, पेटीवाल्याला फार तर नारळ मिळतो.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. आपल्या पुराणकथांवरचा खेळ, आणि संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचं. पुण्यात सतारिये काय कमी होते, असं मी चारचौघांत म्हणालो. घरी येऊन हेडफोन लावून कुठे सांधा सापडतो का ते बघत बसलो. सापडला असता तर बरं वाटलं असतं.

दुकानदारीही केली. खंजिरी-ढोलकीचे तुकडे ऑनलाइन विकले. परदेशी गिऱ्हाईक ‘भारतीय’ मागतं म्हणजे सतार मागतं; खंजिरी दिली तर ही कुठल्या देशाची, असं विचारतं. प्रसाद उपासनी यांचं आयतबला प्रो हे तबल्याची साथ करणारं अ‍ॅप आलं तेव्हा तबलजींच्या पोटावर पाय आला, अशी ओरड मी ऐकली. मी त्यात सूर मिसळला नाही, कारण मीही न थकणारे हातच विकत होतो. आता दोन ओळी लिहून दिल्या की यंत्र अख्खं गाणं काढून देतं. धंदा बसणार, असं सगळे म्हणतात. मला तरी ती गाणी शेवटाकडे धावताना ऐकू येतात, आणि त्यातच मी समाधान मानून घेतो.

स्वतः गेम लिहायला घेतला तोही सांध्याच्याच हट्टापायी. दुसऱ्याचा प्रोग्रॅमर माझा तुकडा कुठून सुरू करील यावर ताबा राहत नाही. छोटासाच खेळ: दिवा घेऊन कोळशाच्या खाणीत उतरायचं, मागे पाण्याच्या पंपाची घरघर, आणि वर गावात कुठेतरी चाललेलं भजन, खोल जावं तसं पुसट होणारं. ते भजन मला अखंड हवं होतं.

वणीच्या कॉलेजातली एक मुलगी संध्याकाळी शिकायला येते. तिने ऐकलं आणि म्हणाली, “काका, इथं टोचते.” मला काहीच टोचलं नाही. पडद्यावर लाट मोठी करून पाहिली, तर तिथे खरंच उडी होती, केसाएवढी. त्यानंतर सांधे ती तपासते.

पण तिचं सांधणं वेगळंच आहे. तिने भजन तोडलं. कडवं संपलं, खंजिरी थांबली, कुणीतरी खाकरलं, हात झटकल्याचा आवाज आला, आणि मग मंडळींनी पुन्हा धरलं. सांधा चांगला उघडावाघडा, ढळढळीत. मी म्हणालो, हे चालायचं नाही. ती म्हणाली, “मंडळी थांबतेच नं काका. थांबून पुन्हा धरते.” मी खेळून पाहिलं. उतारावर चालत राहिलो, फेरी केव्हा पालटली ते कळूनही खटकलं नाही. झांजांची शहार कुठे टाकायची हा प्रश्नच उरला नाही. खाकरण्याच्या आत ती आपली आपण विरली. मला ते आवडलं नाही. मीच खाकरायला हवा होतो, असं वाटलं.

तेच ठेवलं आहे. खेळणाऱ्यांपैकी एकाने तर भजनातल्या त्या थांबण्याचं मुद्दाम कौतुक लिहून पाठवलं. माझ्या बिनसांध्याच्या तुकड्यांबद्दल आजवर कुणी अवाक्षर लिहिलेलं नाही. गेमच्या शेवटी नावं येतात, त्यात माझं वर आहे आणि तिचं खाली. तिने अजून विचारलेलं नाही. विचारलंच तर वर्णक्रमाने लावली आहेत, असं सांगायचं ठरवलं आहे. वर्णक्रमात तिचं नाव आधी येतं.