रेंज नाही, पण घरात वायफाय आहे? मग हे वाचा

आपल्या तालुक्यात रेंजचा विषय निघाला की गाडी थेट टॉवरवर जाते. टॉवर पाहिजेच, वादच नाही. पण तोरणा १४०३ मीटर उंच आणि आपली घरं त्याच्या पायाशी. टॉवरच्या लहरी डोंगर फोडून पलीकडे येत नाहीत. म्हणून गडावर गेलेला पुण्याचा पाहुणा आरामात बोलतो आणि खाली खोऱ्यात आपला माणूस पडवीच्या एका ठरावीक कोपऱ्यात हात वर करून उभा.

आता बऱ्याच घरांत फायबरचं वायफाय आलंय. पोरं त्यावर रील बघतात, म्हातारी माणसं व्हॉट्सॲपवर नातवंडांशी बोलतात. सगळ्यांना वाटतं, झालं काम. तसं नाही.

मागच्या लावणीच्या दिवसांत रात्री दहाच्या सुमाराला दादा चक्कर येऊन पडले. आईने व्हॉट्सॲपवरून मला धायरीला फोन लावला. व्हॉट्सॲपवरून १०८ लागत नाही. मग बायकोच्या फोनवरून मी इथून १०८ लावला. तिकडून विचारायचे, पेशंट शुद्धीत आहे का, श्वास कसा चाललाय. मी एका कानाने आईला विचारायचो, दुसऱ्या फोनवर सांगायचो. गाडी आली, दादा आज ठणठणीत आहेत. पण मी त्या वेळी कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये गाडीवर असतो तर?

त्यानंतर घरी बसून दोन गोष्टी केल्या.

पहिली, वायफाय कॉलिंग. यात वेगळं ॲप नाही, जादा पैसे नाहीत. आपल्याच सिमचा, आपल्याच नंबरचा साधा कॉल टॉवरऐवजी वायफायवरून जातो, समोरच्याकडे इंटरनेट नसलं तरी चालतं. एअरटेलने हे डिसेंबर २०१९ मध्ये आणलं, जिओने जानेवारी २०२० मध्ये. इतकी वर्षं झाली तरी आपल्याकडे दहातल्या आठ फोनमध्ये हे बटण बंदच दिसतं, आणि दुकानदारही सांगत नाही. सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क किंवा सिमकार्ड उघडा, तिथे ‘वायफाय कॉलिंग’ असेल, चालू करा. बटण दिसलंच नाही तर तो हँडसेट किंवा ते सिम ही सोय देत नाही. स्पीडची काळजी नको, एका कॉलला सेकंदाला शंभर किलोबिटच्या आसपास पुरतं.

दुसरी गोष्ट आईसाठी. तिला टचचा फोन जमतो, पण घाईत नाही. फायबरच्या बऱ्याच मोडेमच्या मागे साध्या फोनची वायर बसेल असं छोटं खोबण असतं. कंपनीकडून त्यावर लँडलाइन नंबर चालू करून घ्यायचा आणि मोठ्या बटणांचा जुना फोन जोडायचा. माळ्यावरचा फोन पुसून काढला, चालला! आमच्याकडे नंबर चालू व्हायला तीन आठवडे आणि चार चकरा लागल्या. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या सारख्याच.

आता अडचण. जुन्या तांब्याच्या तारेच्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, घरात अंधार असला तरी तो वाजायचा. फायबरच्या फोनचं तसं नाही. लाइट गेली, मोडेम बंद, फोन बंद. आणि आपल्याकडे पावसात लाइट कधी जाते आणि कधी येते हे काय सांगायचं. म्हणून मोडेमला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय. मोडेमच्या ॲडॅप्टरवर व्होल्ट लिहिलेले असतात, ते बघूनच घ्या.

अजून एक, जे कुणी बोलत नाही. इंटरनेट टेलिफोनीला दूरसंचार खात्याने २०१८ मध्ये मोकळी वाट दिली. बीएसएनएलने लगेच ‘विंग्ज’ काढलं, वर्षाला १०९९ रुपयांचं, आपल्याकडे ते घेतलेला माणूस मी तरी पाहिला नाही. पण त्याआधी ट्रायने ज्या शिफारशी केल्या, त्यात अशा सेवांवरून इमर्जन्सी नंबर लागलाच पाहिजे अशी सक्ती नव्हती, फक्त ग्राहकाला मर्यादा सांगा असं होतं. तुम्हाला कुणी सांगितल्या? म्हणून १०८ च्या भरवशावर राहू नका. जवळच्या आरोग्य केंद्राचा आणि गावातल्या गाडीवाल्याचा नंबर फोनशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. कॉल लागला की आधी गाव, वाडी आणि रस्ता सांगा. तालुका विचारला तर वेल्हे आणि राजगड दोन्ही नावं सांगा, नवं नाव अजून सगळीकडे पोचलेलं नाही.

येत्या ग्रामसभेत मी एकच विषय मांडणार आहे: ग्रामपंचायतीच्या मोडेमला बॅटरी आणि त्यावर एक साधा फोन, ऑफिसच्या बाहेर, रात्रीही हाताला येईल असा. वाडीवस्तीला सगळ्यांना नवीन हँडसेट परवडत नाही, पण चालत जाऊन एक फोन उचलता येतो.

तुमच्या गावात फायबर आलंय का, लाइट गेल्यावर ते किती वेळ टिकतं आणि वायफाय कॉलिंग कुठल्या सिमवर चालतं, गावाच्या नावासह खाली लिहा. यादी करून तहसील कचेरीत देतो.